आरओचं वाया जाणारं पाणी आणि सात ऑर्किड: सांगलीतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीच्या विश्रामबाग भागात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेच्या घरातलं हे प्रकरण आहे. नाव देत नाही, काकू म्हणते. मी त्यांना हाकही तशीच मारते.

काकूंकडे ऑर्किडच्या सात कुंड्या होत्या, पाच फॅलेनॉप्सिसच्या आणि दोन डेंड्रोबियमच्या. बहुतेक लेकीने पुण्याहून आणलेल्या, आणल्या तेव्हा फुलांनी लगडलेल्या. हॉलच्या पूर्वेच्या खिडकीत त्या ओळीने मांडलेल्या असत. उजेड पुरेसा होता, सकाळचं कोवळं ऊन तासभर यायचं. बाहेर गॅलरीत तुळस, जास्वंद, कढीपत्ता आणि मोगरा होता, आणि ही सगळी झाडं तरारलेली होती.

इमारतीला महापालिकेचं कृष्णेचं पाणी येतं, पण उन्हाळ्यात ते पुरत नाही म्हणून त्याच टाकीत बोअरचं पाणी मिसळतात. प्यायला स्वयंपाकघरात आरओ. त्याची वाया जाणाऱ्या पाण्याची नळी काकूंनी सिंकमध्ये न सोडता बादलीत सोडली होती. त्या पाण्याने फरशी पुसायची, उरेल ते झाडांना. काकूंचं माहेर आटपाडीकडचं. टँकरच्या रांगेत घागरी लावून वाढलेल्या बाईला मोरीतून वाहून जाणारं पाणी बघवत नाही. ही बादली म्हणजे त्यांच्या घरातली सगळ्यात चांगली सवय होती, आणि ते मी आजही म्हणेन.

अडचण

आधी पानं मऊ पडली, मग त्यांच्यावर लांबट सुरकुत्या आल्या. दोन हिवाळे गेले तरी एकाही फॅलेनॉप्सिसने फुलांचा दांडा काढला नाही. जुन्या पानांची टोकं काळी पडून वाळत होती.

पानं मऊ पडली की झाड तहानलेलं आहे असंच कुणालाही वाटेल. काकूंनाही वाटलं. त्यांनी आठवड्यातून दोनदा घालायचं पाणी एक दिवसाआड केलं. सुरकुत्या वाढल्या.

दरम्यान तासगावकडे द्राक्षबाग असलेला पुतण्या येऊन गेला. “काकू, झाड उपाशी आहे,” म्हणून त्याने १९:१९:१९ या विद्राव्य खताची (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) पुडी दिली. लिटरला एक चमचा, आठवड्यातून एकदा. हिवाळा तोंडावर आल्यावर फुलांसाठी ०:५२:३४ हे फक्त स्फुरद-पालाशाचं खत दिलं. त्याचा हेतू आणि त्याचं ज्ञान दोन्ही खरं होतं. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर काडीत घड तयार व्हायच्या काळात स्फुरद आणि पालाश वाढवायचं, हे सांगली-तासगावच्या बागायतदाराला कुणी शिकवावं लागत नाही. पण ते वेलीचं गणित होतं.

मला बोलावणं आलं तेव्हा एप्रिल सुरू होता. काकूंचा प्रश्न नेमका होता: “बाहेरच्या झाडांना तेच पाणी, तोच हात. मग हीच का मरतायत?”

तपासणी

उत्तर त्या प्रश्नातच दडलेलं होतं, पण आधी मुळं बघितल्याशिवाय मला काही बोलायचं नव्हतं. मऊ पडलेलं पान दोन अगदी उलट गोष्टी सांगतं: पाणी कमी पडतंय, किंवा पाणी इतकं झालंय की मुळं कुजली आणि आता शोषायला कुणी उरलंच नाही. वरून दोन्ही सारखंच दिसतं. फॅलेनॉप्सिसच्या बाबतीत निदान कुंडीच्या आत होतं, पानावर होत नाही.

दोन सगळ्यात वाईट रोपं कुंडीतून काढली. कुंडीत मातीऐवजी भरलेल्या झाडाच्या सालीच्या तुकड्यांवर आणि कुंडीच्या काठावर पांढरा खरखरीत थर होता. वरच्या हवेतल्या मुळांची टोकं काळी, जळल्यासारखी. आतली बरीच मुळं तपकिरी आणि पोकळ. बोटात धरून ओढलं की वरचं आवरण निघून यायचं आणि हातात नुसता दोरा राहायचा. मधोमध, रोपवाटिकेतून आलेला मॉसचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा, घट्ट गोळा तसाच होता आणि चिंब होता. बाहेरची साल कोरडी, गाभा ओला, अशी स्थिती.

कुजण्याचं कारण इथे अर्धंच कळलं. पांढरा थर आणि जळलेली टोकं काही वेगळं सांगत होती. पुतण्याला फोन करून त्याचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, मागवला. द्राक्षबागेत पाणी आणि खताचं द्रावण मोजायला तो वापरतो. टाकीचं पाणी ७०० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) आसपास निघालं, आरओचं प्यायचं पाणी ६० आणि बादलीतलं पाणी हजाराच्या वर. काकू बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या.

हिशेब साधा आहे. आरओमध्ये तीन लिटर पाणी गेलं आणि त्यातून एक लिटर शुद्ध निघालं, तर त्या एका लिटरमधले जवळजवळ सगळे क्षार उरलेल्या दोन लिटरमध्ये जाऊन बसतात. म्हणजे मुळात जड असलेलं पाणी दीडपट जड होऊन बादलीत पडतं. शिवाय एका कुंडीतून आरओचं शुद्ध पाणी सावकाश ओतलं आणि खालून निथळलेलं मोजलं, तर ६० चं पाणी दोन हजारांच्या पुढे जाऊन बाहेर आलं. इतके क्षार कुंडीत साठलेले होते: काही पाण्याचे, काही खताचे.

मुळाभोवतीचं पाणी असं खारट झालं की मुळाला ते आत ओढता येत नाही. झाड ओल्या कुंडीत तहानलेलं राहतं. आपण सुरकुत्या बघून आणखी पाणी घालतो, त्याबरोबर आणखी क्षार जातात, आणि सतत ओल्या मॉसमध्ये मुळं गुदमरून कुजतात.

बाहेरची झाडं का टिकली? ती मातीत आहेत, मातीत क्षार धरून ठेवायची थोडी ताकद असते, आणि गॅलरीत दर पावसाळ्यात कुंड्या वरून धुऊन निघतात. खिडकीतल्या ऑर्किडवर पावसाचा थेंब कधी पडला नव्हता. त्यात ही झाडं मुळात मातीची नाहीत. चांदोली-कोयनेच्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढणारी सीतेची वेणी ज्यांनी बघितली आहे त्यांना हे लगेच कळेल. अनेकजण तिला बांडगूळ समजतात, पण ती झाडाचा रस शोषत नाही, फक्त फांदीचा आधार घेते. तिच्या उघड्या मुळांना मिळतं ते पावसाचं पाणी आणि सालीवरून वाहून येणारा थोडासा कचरा. फॅलेनॉप्सिसही त्याच राहणीचं झाड. त्याच्या मुळांवर वेलामेन नावाचं पांढुरकं आवरण असतं, ते मिनिटभरात पाणी पिऊन हिरवं होतं आणि सुकलं की पुन्हा रुपेरी दिसतं. पाण्यात जे काही विरघळलेलं असेल तेही त्या आवरणापाशीच साचतं.

पर्याय आणि निर्णय

पहिला पर्याय घरातूनच आला. लेक फोनवर म्हणाली, “आई, टाक ती, मी नवीन आणते.” पाणी तेच राहणार असेल तर नवीन रोपांचंही हेच होणार होतं, म्हणून तो विषय तिथेच संपला.

दुसरा पर्याय, फक्त पाणी कमी करायचं. घरगुती ऑर्किडबद्दल जिथे विचाराल तिथे आठवड्यातून एकदा पाणी घाला असंच सांगतात. सांगलीच्या एप्रिलमध्ये, पारा चाळिशीला टेकलेला आणि हवा कोरडी असताना, त्यानेही झाड मेलं असतं. आणि पाणी कमी घातलं म्हणजे क्षार निघून जात नाहीत. कुंडी सुकत गेली की ते आणखी दाट होतात.

तिसरा पर्याय भाजलेल्या मातीच्या गोळ्यांमध्ये झाड लावून तळाशी पाणी ठेवण्याचा होता. लेकीने त्याचे फोटो पाठवले होते. मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, पाणी असलेल्या गावात तो चांगला चालतो. आपल्याकडे बोअरचं पाणी त्यात वापरलं तर गोळ्यांवर महिन्याभरात पांढरे थर चढतात.

उरलं पाणी बदलणं. इथे काकू अडल्या. झाडांसाठी आरओचं शुद्ध पाणी वापरायचं म्हणजे प्रत्येक लिटरमागे दोन लिटर आणखी वाया घालवायचं, हे त्यांना पटत नव्हतं. मला त्यांचं म्हणणं योग्य वाटलं. म्हणून आम्ही गरज मोजली. सात कुंड्या नीट भिजवायला चार-पाच लिटर पुरतं. त्यातलं सगळं आरओचं असायची गरज नाही, किंबहुना नसावं, कारण आरओमध्ये कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही निघून जातं आणि ते झाडाला हवं असतं. सकाळी महापालिकेचं पाणी थेट नळाला येतं, टाकीत पडायच्या आधी, ते मोजलं तर २५० च्या आसपास भरलं. दोन भाग आरओ आणि एक भाग हे नळाचं मिसळलं की सव्वाशेच्या जवळपास येतं. फॅलेनॉप्सिसला ते छान चालतं. बादलीतलं पाणी फरशी आणि संडासाकडे वळवलं. गॅलरीतल्या झाडांनाही ते फक्त पावसाळ्यात, एखाद्या वेळी. पाऊस सुरू झाला की गच्चीच्या पन्हाळीचं पाणी ड्रममध्ये धरायचं ठरलं, पहिल्या सरी सोडून आणि तोंडाला जाळी बांधून. डेंगीचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो.

यानंतरचा निर्णय मला सगळ्यात अवघड वाटला: कुंड्या आत्ता बदलायच्या की जूनमध्ये? भर उन्हाळ्यात मुळं कापून नव्या सालीत लावलेलं झाड सावरायला फार झगडतं. पण खारट, कुजक्या मॉसमध्ये आणखी दोन महिने राहिलं तर उरलेली मुळंही जातात. आम्ही विभागणी केली. ज्या दोन फॅलेनॉप्सिसच्या मुळांचं काही उरलं नव्हतं ती लगेच बदलायची. बाकीच्या पाच कुंड्या मऊ पाण्याने धुऊन काढायच्या आणि जूनच्या दमट हवेपर्यंत तशाच ठेवायच्या.

काय केलं

धुणं म्हणजे कुंडीच्या मापाच्या चार-पाच पट पाणी सावकाश ओतणं, तासाभराने पुन्हा एकदा. निथळलेलं पाणी पाचशेच्या खाली येईपर्यंत दर आठवड्याला हे चाललं. खत पूर्ण बंद. कुंड्या ज्या शोभेच्या चिनी मातीच्या भांड्यांत ठेवलेल्या होत्या ती भांडी काढून टाकली, कारण दोन भांड्यांच्या तळाशी बोटभर पाणी साचलेलं होतं.

दोन आजारी रोपांचा मॉस पूर्ण काढला. कात्री ज्योतीवर तापवून पोकळ मुळं कापली, टणक असेल ते मूळ, रंग कसाही असो, राहू दिलं. कापल्या जागी दालचिनीची पूड लावली, फक्त कापल्या जागी, कारण निरोगी मुळाला ती सुकवते. आधीपेक्षा लहान, पारदर्शक आणि भरपूर भोकांच्या कुंडीत पाइनची साल आणि लाकडी कोळसा घेतला. नारळाच्या सोडणाचे तुकडेही आणले होते, पण भिजवून मोजल्यावर त्यांच्यातूनच क्षार निघत होते. किनाऱ्याकडची सोडणं बरेचदा खाऱ्या पाण्यात मुरवलेली असतात. ती अनेक पाण्यातून धुऊन जूनसाठी बाजूला ठेवली.

पाणी घालायचा वार ठरवला नाही. पारदर्शक कुंडीतून मुळं रुपेरी दिसली आणि कुंडी उचलून हलकी लागली की पाणी. उन्हाळ्यात हे तीन-चार दिवसांनी व्हायचं, पुढे पावसाळ्यात दहा-बारा दिवसांनी. काकू शिक्षिका, त्यांनी प्रत्येक कुंडीची वही ठेवली.

खत जूनअखेर सुरू केलं, नवीन मुळांची हिरवी टोकं दिसल्यावरच. आधीचा डोस किती होता ते आकड्यात बघू. चमचाभर म्हणजे सुमारे पाच ग्रॅम. १९:१९:१९ चे पाच ग्रॅम लिटरमध्ये म्हणजे ९५० पीपीएम नत्र. फवारणीला, पानावर धुक्यासारखं, द्राक्षाला तेवढं चालतं. बोटभर सालीत उघड्या बसलेल्या मुळांवर ओतायला ते दसपट जास्त आहे. आम्ही अर्धा ग्रॅम ठरवलं, म्हणजे ९५ पीपीएम. घरात अर्धा ग्रॅम मोजणं कठीण, म्हणून पुतण्याने दहा ग्रॅमच्या पुड्या बांधून दिल्या. एक पुडी लिटरभर आरओ पाण्यात विरघळवायची आणि त्यातलं ५० मिली, म्हणजे औषधाच्या टोपणाने मोजून, एक लिटर पाण्यात घालायचं. बाटलीवर मोठ्या अक्षरात “खत” लिहून ती वरच्या फडताळात.

दोन पाण्यांना खत, तिसरं पाणी नुसतं. मुळं अगदी कोरडी असतील तर आधी साधं पाणी, मग खताचं. महिन्यातून एकदा १९:१९:१९ ऐवजी कॅल्शियम नायट्रेट, तेही लिटरला अर्धा ग्रॅम, आणि ते एकटंच. दाट द्रावणात ते स्फुरदाच्या किंवा सल्फेटच्या खताबरोबर मिसळलं तर खाली पांढरा गाळ बसतो. हे पुतण्याने आपणहून सांगितलं, ठिबकच्या नळ्या त्याने तशा चोंदलेल्या पाहिल्या होत्या. ०:५२:३४ बंद केलं. फॅलेनॉप्सिसचा दांडा निघतो तो काही आठवडे हवा २५-२६ अंशांच्या खाली राहिली म्हणून, जास्त स्फुरद दिलं म्हणून नाही. सांगलीच्या नोव्हेंबर-डिसेंबरातला गारवा बहुतेकदा त्याला पुरतो. तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, जीवामृत यांचीही चर्चा झाली. मातीत ती छान आहेत, सालीत ती आंबतात आणि साल लवकर कुजवतात.

पावसाळा

जूनमध्ये उरलेल्या पाच कुंड्या बदलल्या. मग काकूंना एक कल्पना सुचली. गॅलरीतली झाडं पावसाने धुऊन निघतात, तर ऑर्किडंही एक रात्र पावसात ठेवू. कल्पना तर्काला धरून होती आणि मीटरनेही तिची साक्ष दिली: दुसऱ्या दिवशी निथळलेलं पाणी शंभराच्या आत आलं. पण आठवड्याभरात एका फॅलेनॉप्सिसचा गाभा, जिथून नवं पान निघतं ती जागा, काळी पडू लागली.

जंगलात हे झाड खोडावर तिरकं, पानं खाली झुकवून लटकतं. गाभ्यात पडलेलं पाणी ओघळून जातं. कुंडीत आपण त्याला सरळ उभं करतो, आणि गाभ्याची वाटी होते. पावसात ठेवायचंच होतं तर कुंड्या आडव्या कलवून ठेवायला हव्या होत्या, आणि सकाळी कागदाने गाभा टिपायला हवा होता.

कुजल्या भागाला घाण वास नव्हता, म्हणून जिवाणूंची मऊ कूज नसावी असं धरलं. पुतण्या म्हणाला, बाविस्टिन हे बुरशीनाशक लावू. फॅलेनॉप्सिसची काळी कूज बहुतेकदा फायटोप्थोरा या बुरशीसारख्या जिवामुळे होते, आणि तो द्राक्षावरच्या डाऊनी रोगाच्या जिवाच्या कुळातला आहे. बाविस्टिन त्याच्यावर चालत नाही. हे सांगताच तो स्वतःच म्हणाला, “म्हणजे डाऊनीचंच औषध की.” मेटालॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्रण त्याच्याकडे होतं. घरात फवारायचं नाही यावर मी ठाम राहिले. हातमोजे घालून, गॅलरीत, काळा भाग कापून त्या जागी ब्रशने लावलं. कुंडी इतरांपासून दूर, पंख्याच्या वाऱ्यात ठेवली.

परिणाम

एप्रिलमध्ये कुंडी बदललेल्या दोनांपैकी एक मे महिन्यात गेलं. त्याचं एकही धड मूळ उरलं नव्हतं. दुसऱ्याने जुलैत दोन नवी मुळं काढली. गाभा कुजलेल्याची कूज थांबली, वरची वाढ मात्र कायमची संपली. नोव्हेंबरमध्ये त्याच्या बुंध्यातून एक पिल्लू फुटलं. उरलेल्या दोन फॅलेनॉप्सिसनी डिसेंबरात दांडे काढले आणि फेब्रुवारीत ती फुलली. जुन्या पानांच्या सुरकुत्या गेल्या नाहीत, त्या जातही नाहीत. झाड बरं झालं की नाही ते नव्या पानावरून आणि मुळाच्या टोकावरून बघायचं.

काय वेगळं करता आलं असतं

मीटर पहिल्या सुरकुतीच्या वेळी हवा होता. तो त्याच कुटुंबात होता, पण बागेसाठी. द्राक्षाचं पाणी मोजणाऱ्या घरांमध्ये कुंडीचं पाणी कुणी मोजत नाही, आणि या जिल्ह्यात, जिथे उसाच्या पट्ट्यात जमिनी क्षारांनी पांढऱ्या पडलेल्या सगळ्यांनी पाहिल्यात, हे मला फार लागतं.

नवीन रोप घरात आल्यावर, फुलं ओसरली की लगेच मधला मॉसचा गोळा काढायला हवा होता. तेव्हा मुळं धडधाकट होती आणि हवा थंड होती. एप्रिलमधला पेच मग आलाच नसता.

एप्रिलमध्ये पाच कुंड्या थांबवण्याच्या निर्णयाबद्दल दोन मतं होऊ शकतात. जूनमध्ये काढल्यावर एका डेंड्रोबियमची बरीच मुळं गेलेली दिसली. एसी असलेल्या किंवा कूलरची दमट हवा असलेल्या खोलीत सगळ्याच कुंड्या तेव्हाच बदलता आल्या असत्या. काकूंकडे ते नव्हतं, म्हणून त्या घरात मी पुन्हा हाच निर्णय घेईन.

डेंड्रोबियमचा प्रश्न अजून सुटलेला नाही. दोन्हींनी नवी कांडी काढली, फूल एकाही कांडीवर आलं नाही. त्यांना फॅलेनॉप्सिसपेक्षा जास्त उजेड लागतो, म्हणून दिवाळीनंतर त्या कुंड्या गॅलरीच्या ग्रिलवर, सकाळच्या उन्हात टांगायचं ठरलंय. हिवाळ्यात त्यांचं पाणी लांबवायचं आणि खत थांबवायचं. वहीत काकूंनी त्यासाठी वेगळं पान काढलंय.